गड बुक केला तो दिवस

टिळकवाडीतल्या त्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा माझं इंग्रजी विचित्र होतं. एकेक शब्द ओळखीचा असायचा, पण चार शब्द एकत्र आले की ते भलतंच काहीतरी बोलायचे. साहेब म्हणायचे, बॉल तुझ्या कोर्टात आहे. मी टेबलाखाली बघायची नाही, एवढीच काय ती माझी हुशारी. पण त्याचा अर्थ आता पुढचं काम मी करायचं आहे, हे कळायला मला दुपार व्हायची.

आमचं ऑफिस लहान होतं. काकतीच्या बाजूला कारखाना, तिथं पंपांचे सुटे भाग बनत. शहरातल्या ऑफिसात आम्ही तिघंच. साहेब, हिशेब बघणारे एक वयस्कर गृहस्थ आणि मी. साहेब चेन्नईकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, कन्नड जेमतेम, हिंदी मोडकी. सगळा कारभार इंग्रजीत. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवून बोलला नाही. पण बोलायचा भराभरा आणि सगळ्यांना सगळं कळतं असं धरून चालायचा.

सुरुवातीला मी अर्थ विचारायची. साहेबांना विचारायचं धाडस नसायचं, म्हणून हिशेबवाल्या काकांना. ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "मराठी मीडियम काय?" मग सांगायचे. सांगायचे बरोबर, पण आधी ते वाक्य ठरलेलं. एकदा कारखान्यातून आलेल्या दोन इंजिनिअर मुलींसमोर त्यांनी तसंच विचारलं. त्या दिवसापासून मी विचारायचं सोडलं. फोनवर शोधायची, नाहीतर अंदाज करायची. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, आणि त्यानंच घात केला.

मराठी मीडियम हा आमच्या घरात साधा विषय नव्हता. आमचं गाव येळ्ळूर, सीमाभागातलं. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा आमच्या गल्लीतली बरीच पोरं पिवळ्या गाडीतून शहरातल्या इंग्रजी शाळेत जायला लागली होती. चुलत्यांनी आप्पांना समजावलं होतं, पोरगीला पण घाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, हटून बसले. "आपल्या भाषेसाठी आपण मोर्चात जायचं आणि पोरं मात्र इंग्रजी शाळेत? न्हाय जमायचं," म्हणाले. मी गावातल्या मराठी शाळेत गेले. आप्पांना त्याचा अभिमान होता, आणि मलाही होता. ऑफिसात लागेपर्यंत.

त्या वर्षी आमच्याकडून माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं यायची होती. साहेबांनी पाहुण्यांची सगळी सोय माझ्यावर सोपवली. हॉटेलच्या खोल्या, गाड्या, जेवण. आठवडाभर माझं तेच चाललं होतं. हॉटेलवाला फोनवर म्हणायचा, "मॅडम, रूम होल्ड करून ठेवतो, तुम्ही फक्त कन्फर्म करा." गाडीवाला म्हणायचा, "गाडी होल्ड केलीय." होल्ड करणे म्हणजे आपल्यासाठी राखून ठेवणे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी सहज विचारलं होतं, तू येळ्ळूरची ना? तिथं किल्ला आहे म्हणतात. मी सांगितलं, आहे, आमच्या गावाच्या डोक्यावरच आहे. ते म्हणाले, या पाहुण्यांना किल्ले फार आवडतात, एकदा न्यायला पाहिजे.

शुक्रवारी साहेब पाहुण्यांना आणायला बेंगळुरूला गेले. हिशेबवाले काका भाचीच्या लग्नासाठी निपाणीला. संध्याकाळी मी कुलूप लावून निघत होते तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला. शनिवारी दुपारी पाहुण्यांना घेऊन पोचतो. तोपर्यंत, होल्ड द फोर्ट.

मी जिन्यातच थांबले. पुन्हा वाचला. होल्ड म्हणजे राखून ठेव. फोर्ट म्हणजे किल्ला. दुपारपर्यंत किल्ला राखून ठेव. मला कुठंही शंका आली नाही. उलट छाती भरून आली. परदेशी पाहुणे आमच्या गडावर येणार, आणि साहेबांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी उत्तर पाठवलं की, हो सर, फोर्ट होल्ड करून ठेवते. त्यांनी लगेच अंगठा पाठवला. पुढं कळलं की त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

घरी जाऊन आप्पांना सांगितलं. ते गोठ्यात धार काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "गड कोण बुक करतंय व्हय गं? गड काय मंगल कार्यालय हाय?"

"साहेबांनी सांगितलंय आप्पा. पाहुणे परदेशातून यायलेत."

आता मात्र त्यांचा हात थांबला. "किती माणसं?"

"पाच-सहा असतील. साहेब धरून."

"जेवणाचं?"

जेवणाचं साहेबांनी काही म्हटलं नव्हतं. पण दुपारी गडावर माणसं येणार म्हटल्यावर जेवण आलंच. मी म्हणाले, "आपल्यातलं करूया की. हॉटेलातलं तर ते रोज खातात."

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. आप्पांनी धोतर झटकलं आणि ते गल्लीत गेले. गडावरच्या देवळाच्या पुजाऱ्यांना सांगितलं, तरुण मंडळाच्या पोरांकडून खुर्च्या आणि कापडी मांडव मागितला. शेजारच्या काकी आणि माझ्या दोघी चुलत्या भाकरीला बसायला तयार झाल्या. आईनं नवा बासमती काढला, जो आम्ही घरीही सणाशिवाय शिजवत नाही. आप्पा जाईल तिथं एकच सांगत होते, "माझ्या पोरीच्या हापिसातलं पाहुणे हाईत. परदेशातनं येत्यात. तिच्यावर सोपवलंय समदं."

शनिवारी सकाळी आम्ही वर गेलो. मी आईची हिरवी इरकल नेसले होते. देवळासमोरची जागा पोरांनी झाडून काढली, पाणी मारलं. मी दारात रांगोळी घातली, आणि खाली इंग्रजीत स्वागताचे दोन शब्द लिहिले. स्पेलिंग फोनवर बघून लिहिले, चूक नको म्हणून. चुलीवर वांग्याची भाजी शिजत होती, झुणक्याचा वास सुटला होता. आप्पा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून तटावर उभे होते, खालच्या रस्त्यावर गाडी दिसते का बघत. गडावर आलेली माणसं विचारत होती, काय कार्यक्रम आहे? कोणीतरी मंत्री येतोय का? आप्पा हसून सांगत होते.

माझा फोन पिशवीत होता, पिशवी देवळात. दुपार झाली तरी गाडी दिसेना म्हणून मी फोन काढला, तर साहेबांचे कितीतरी फोन येऊन गेलेले. मी घाईनं लावला.

"व्हेअर आर यू?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता, दबका.

"ॲट द फोर्ट, सर."

"फोर्ट? विच फोर्ट?"

"अवर फोर्ट, सर. येळ्ळूर. यू टोल्ड मी, सर. आय ॲम होल्डिंग इट."

मग ते हसले. अडवायचा प्रयत्न करूनही न थांबणारं हसू होतं ते. नंतर त्यांनी कोणाला तरी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि मागून अनेक माणसांचं हसू ऐकू आलं. मग ते परत फोनवर आले आणि म्हणाले, आम्ही सगळे ऑफिसच्या दारात उभे आहोत. कुलूप आहे. किल्ली तुझ्याकडं आहे का?

किल्ली माझ्याकडंच होती. पिशवीत.

फोन ठेवल्यावर मी देवळाच्या मागं गेले आणि त्या तीन शब्दांचा अर्थ शोधला. मोठा माणूस नसताना मागचं सगळं सांभाळणे. एवढंच. मी ऑफिसात बसायचं होतं, दार उघडं ठेवायचं होतं, फोन घ्यायचे होते. आणि मला आठवलं की आप्पा बाजाराला जाताना गोठा आणि घर माझ्यावर टाकून नेहमी म्हणतात, "तोवर खिंड लढीव." तेच होतं हे. अगदी तेच. बाहेरच्या माणसाला कोणी खिंड लढव म्हटलं असतं, तर तो घाट शोधत गेला असता का? गेला असता. पण हे मला आत्ता सुचून उपयोग नव्हता. माझे कान इतके तापले होते की मी थंड दगडाला डोकं टेकवून उभी राहिले.

पुढं आले तर सगळे माझ्याकडं बघत होते. भाकरी थापणाऱ्या काकींचे हात पिठात तसेच थांबलेले. आप्पा तटावरून खाली आले.

"काय म्हणालं साहेब? कुठवर आलं?"

खोटं बोलता आलं असतं. गाडी बिघडली, पाहुणे आजारी पडले. पण साहेब ऑफिसच्या दारात उभे होते आणि मला आत्ताच्या आत्ता किल्ली घेऊन जायचं होतं. खोटं जुळवायला वेळच नव्हता. मी म्हणाले, "ते येणार नाहीत आप्पा. त्यांनी गडावर यायचं म्हटलंच नव्हतं. मला इंग्रजी कळलं नाही."

धाकटी चुलती म्हणाली, "म्हंजी?"

"म्हणजे त्यांनी ऑफिस सांभाळ म्हटलं होतं. तसं म्हणायची रीत आहे त्यांच्यात."

खुर्च्या मांडणाऱ्या पोरांपैकी एकजण फस्सकन हसला. मग दुसरा. थोरल्या चुलतीनं तोंडाला पदर लावला. ती माझी चेष्टा करत नव्हती, तिला आवरलं नाही एवढंच. आप्पा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. म्हणाले, "चल. किल्ली द्यायला उशीर व्हायलाय."

त्यांनी मोटरसायकल काढली. इरकल सावरत मी मागं बसले. वाटेत वडगावला आप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, आणि मागं न बघता म्हणाले, "चूक माझी हाय. मी घातलं तुला मराठी शाळेत."

मला म्हणायचं होतं, नाही आप्पा. मला म्हणायचं होतं की शाळेचा काही संबंध नाही, मी विचारायला पाहिजे होतं. पण आतून कुठंतरी वाटत होतं की ते म्हणतात ते खरं असेल. तेवढ्यात त्यांनी गाडी चालू केली.

ऑफिसच्या दारात आता फक्त साहेब होते. पाहुण्यांना त्यांनी हॉटेलवर पोचवलं होतं. माझ्या इरकलीकडं बघून त्यांच्या चेहऱ्यावर परत हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी किल्ली दिली, सॉरी म्हटलं. मग सगळा धीर एकवटून विचारलं, सर, वर जेवण तयार आहे. सगळ्यांसाठी केलंय. पाहुण्यांना आणता येईल का?

साहेबांनी घड्याळ बघितलं. पाहुण्यांची पोटं नाजूक असतात, म्हणाले, बाहेरचं काही चालत नाही. शिवाय पुढची मीटिंग आहे. नेक्स्ट टाइम, नक्की.

आप्पा खाली रस्त्यावर गाडीपाशी थांबले होते. मी जिना उतरून आले तसे त्यांनी माझ्याकडं आशेनं बघितलं. इंग्रजी चुकलं तर चुकलं, पण जेवण तयार आहे म्हटल्यावर माणसं येतील, असं त्यांना वाटत होतं. आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. मी नकारार्थी मान हलवली. "बरं," ते म्हणाले.

मला मीटिंगसाठी थांबावं लागलं. ते एकटेच परत गडावर गेले. नंतर आईनं सांगितलं की देवदर्शनाला आलेल्या, किल्ला बघायला आलेल्या सगळ्यांना आप्पांनी बोलावून बोलावून जेवायला बसवलं. स्वतः वाढलं. कोणी विचारलं, कशाबद्दल जेवण? तर म्हणाले, "देवाचं."

गावात माझं नाव किल्लेदारीण पडलं. बसस्टॉपवर, दुधाच्या डेअरीत, "किल्लेदारीण आली बग." ते मी सोसलं. गावातलं हसणं आपलं असतं, त्याला आपणही उत्तर देतो. ऑफिसातलं तसं नव्हतं. साहेबांना तो किस्सा फार आवडला. कारखान्यात कोणी नवीन आलं, कुठला पाहुणा आला, की चहाबरोबर तो किस्सा निघायचा. टेल देम, ते मला म्हणायचे. मग स्वतःच सांगायचे. माझा आवाज काढून, मान ताठ करून, "आय ॲम होल्डिंग इट, सर!" सगळे हसायचे. मीही हसायची. गोष्टीत खुर्च्या नव्हत्या, भाकरी नव्हती, तटावर उभे राहिलेले आप्पा नव्हते. त्यांना ते माहीतच नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही.

सुगी झाल्यावर आप्पा म्हणाले, "तुझ्या साहेबाला नवा तांदूळ द्यायचा हाय. त्यांनी तुला कामावरनं काढलं न्हाय, माणूस चांगला हाय." मी म्हटलं, मी नेते. पण त्यांना स्वतःच्या हातानं द्यायचा होता. एका सकाळी ते पिशवी घेऊन ऑफिसात आले. दारात चपला काढायला लागले, मी नको म्हटलं तरी काढल्या.

साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. तांदळाचा वास घेतला, खूश झाले. त्या वेळी कारखान्यातले दोघं-तिघं तिथं होते. मी सांगितलं, हे माझे वडील. साहेबांचे डोळे चमकले. "अच्छा! फोर्टवाले!" म्हणाले, आणि मोडक्या हिंदीत तो किस्सा त्यांनी आप्पांनाच सांगायला सुरुवात केली. आप्पांना माहीत नसेल असं समजून. हातवारे करत, माझा आवाज काढत.

मी आप्पांकडं बघत होते. मला वाटलं ते उठतील. ते गावच्या पंचायतीत कोणाचं ऐकून घेत नाहीत. पण ते खुर्चीच्या कडेवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांत. आणि साहेब त्या वाक्यापाशी आले तेव्हा आप्पा हसले. मोठ्यानं. हात जोडून, मान हलवत, "व्हय व्हय साहेब, असंच झालतं." कारखान्यातली माणसंही हसली. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

एवढी लाज मला गडावरही वाटली नव्हती.

आप्पांना बसस्टॉपवर सोडून मी परत आले. साहेब एकटे होते. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि माझ्या इंग्रजीत बोलले. व्याकरण कुठं गेलं मला माहीत नाही. म्हणाले की सर, त्या दिवशी माझ्या वडिलांनी तुमच्यासाठी मांडव घातला होता. आईनं सणाचा तांदूळ शिजवला. सगळं गाव तुमची वाट बघत होतं. ती गोष्ट आता नका सांगू.

साहेब पेन हातात घेऊन तसेच बसले. मग म्हणाले, मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं तुलाही गंमत वाटते, तू हसत होतीस.

"हो सर," मी म्हटलं. "हसत होते."

त्यानंतर माझ्यासमोर तो किस्सा निघाला नाही. माझ्यामागं निघत असेल तर मला माहीत नाही. पुढं काही दिवसांनी त्यांनी विचारलं, वडिलांना भेटायला एकदा गावी येऊ का? मी या म्हटलं. ते काही आले नाहीत, आणि त्यांची बदली झाली. नवीन साहेब इथलेच आहेत, धारवाडचे. ते चटकन कन्नडवर येतात, त्यामुळं मला आता वेगळ्याच भाषेत अंदाज करावे लागतात. पण आता मी विचारते. काका चष्म्यावरून बघतात, बघू देत.

आप्पांना मात्र मी, ते तांदूळ देऊन गेले त्याच संध्याकाळी विचारलं होतं. ते परड्यात मिरच्यांना पाणी देत होते. "आप्पा, तुम्ही का हसला?"

"मग काय रडायचं व्हय?"

"तसं नाही. तुम्हाला राग नाही आला?"

त्यांनी पाण्याला दुसऱ्या सरीत वाट करून दिली. मग म्हणाले, "मी तुझ्याएवढा होतो तवा तालुक्याच्या कचेरीत गेलतो, वाटणीच्या कामाला. समदं कानडीत. मी लई तयारी करून गेलतो, रस्त्यानं घोकत. आणि ऐनवेळी एक शब्द चुकला. असा चुकला की टेबलावरचं साहेब, शिपाई, बाहेर बसलेली माणसं, समदी हसली. मग मी गेलो की शिपाई त्याच शब्दानं हाक मारायचा. काम हुईस्तोवर रोज."

"मग?"

"मग काय? मी बी हसायचो. आपण बी हसलं की लोक लौकर सोडत्यात."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. थोड्या वेळानं विचारलं, "कुठला शब्द होता आप्पा?"

ते वाकून सरीतला काडीकचरा काढायला लागले. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं.

"त्यो नगं विचारू," ते म्हणाले.

नंतरही मी दोन-चारदा विचारून बघितलं. आईला माहीत असेल म्हणून तिला विचारलं, तर तिला असं काही झालं होतं हेच ठाऊक नव्हतं. आप्पांनी तो शब्द अजून मला सांगितलेला नाही.